मारबत म्हणजे युंगची छाया का? पहिल्या वर्षाचं मानसशास्त्र आणि आपल्या गोष्टी

संत्र्याची_फोड

लेकीने यंदा बी.ए.ला मानसशास्त्र घेतलं. पुस्तक तिचं, वाचून राहिली मी. पाव्हलॉवचा कुत्रा, फ्रॉइडचे इदम्-अहम्-पराहम्, इथपर्यंत गाडी सुरळीत होती. मग कार्ल युंग आला आणि माझी झोप उडाली.

मला समजलं ते असं. मनाचा मोठा भाग आपला आपल्यालाच ठाऊक नसतो, हे फ्रॉइडने सांगून झालं होतं. युंग त्याच्याही खाली उतरला. तिथे म्हणे एकट्या-दुकट्याची नाही, सगळ्या माणसांची मिळून एक नेणीव आहे आणि तिच्यात काही साचे आधीपासून पडलेले आहेत. आई, वीर, शहाणा म्हातारा, खोड्याळ, छाया. हे आर्किटाइप. आपले समीक्षक त्यांना आदिबंध म्हणतात. जगभरच्या पुराणांत, स्वप्नांत, गोष्टींत तेच ते चेहरे दिसतात ते यामुळे.

त्यातली छाया मला सोडेना. स्वतःतलं जे पटत नाही, ज्याची लाज वाटते, ते आपण दडपतो. दडपलेलं गप्प बसत नाही, ते मग आपल्याला शेजारणीत दिसायला लागतं. हे वाचलं आणि काळी मारबतच डोळ्यांपुढे उभी राहिली. वर्षभराची इडापिडा तिच्या अंगावर घालायची, गल्लीगल्लीतून ओरडत न्यायची आणि जाळून मोकळं व्हायचं. आख्ख्या नागपूरची छायाच ना ही? बडगे तर दरवर्षी नवे. महागाई, भ्रष्टाचार, ज्याचा राग आला त्याचा पुतळा.

विचारायचं कारण वेगळंच आहे. आमच्या मंडळासाठी बाकाबाई भोसलेवर, म्हणजे नागपूरच्या भोसल्यांच्या राणीवर, एकांकिका लिहायला घेतली आहे. पटकथेच्या ऑनलाइन वर्गात ‘हिरोचा प्रवास’ शिकवला: साद येते, वीर नाही म्हणतो, गुरू भेटतो, उंबरठा ओलांडतो, संकटं, मग काहीतरी मिळवून परत. सर म्हणाले, जगातली प्रत्येक गोष्ट यात बसते. बाकाबाई कुठे बसवू? तिला छाया करू की वीर? आणि हे आदिबंध विज्ञान आहे की नुसतं सुंदर बोलणं? जाणकारांनी सांगावं.

प्रवासी_पुणेकर

विषय रोचक आहे, पण मारबत म्हणजे नक्की काय? आमच्याकडे पोळा म्हणजे फक्त कॅलेंडरवरचा बैल.

अबे_भाऊ

घ्या. पुणेकर भाऊ, पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, म्हणजे तान्ह्या पोळ्याले, आमच्या नागपूरच्या इतवारी-महाल भागात दोन मोठ्ठ्या बाया निघते. एक काळी, एक पिवळी. कागद-बांबूच्या. काळीची परंपरा १८८१ पासून सांगते लोकं, पिवळीची १८८५ पासून. मांगं बडगे, म्हणजे पुरुषांचे पुतळे, त्याच्यावर पाट्या. पब्लिक बोंबलते, “इडा पिडा, रोगराई, खोकला घेऊन जा गे मारबत!” मंग जाळून टाकते. कोणी म्हणते ते पूतना होय, कोणी म्हणते काळी म्हणजे बाकाबाई, इंग्रजाच्या बाजूनं गेली म्हणून. त्या दिवशी गर्दीत मोबाइल सांभाळा, बाकी काही भेव नाही.

फुटाळाकाठ

कनिष्ठ महाविद्यालयात हाच विषय शिकवते, म्हणून जरा लांबण लावते.

ताई, तुमचं निरीक्षण छान आहे, पण युंगच्या हिशेबाने मारबत छायेच्या उलट जाते. ‘हे माझंच आहे’ असं ओळखून छाया जवळ घ्यायची, यालाच तो मोठं होणं म्हणतो. मारबतीत आपण काय करतो? ‘हे माझं नाही’ असं शंभर वेळा ओरडून ते गावाबाहेर टाकतो. पुस्तकात शोधायचंच असेल तर बचाव यंत्रणांच्या धड्यात ‘प्रक्षेपण’ बघा. ते फ्रॉइडच्या घरचं.

आता दुसरी बाजू. मिरवणुकीआधी मारबतीची पूजा होते. आया तान्ही लेकरं तिच्या पायांवर घालायला आणतात. ती पूतना धरली तर पूतना कोण? दूध पाजणारी आणि त्याच दुधातून विष देणारी. युंगच्या ‘महामाते’चे नेमके हेच दोन चेहरे आहेत, पोसणारी आणि गिळणारी. म्हणजे मारबत छाया नाही, माता आहे. शिवाय बळीचा बकरा हीही तिसरी जुळणारी चौकट आहेच.

इथेच मला टोचतं. एकच पुतळी तीन साच्यांत सारखीच चपखल बसते. एखादी गोष्ट साच्यात बसली नाही, असं कधी होतं का? होत नसेल तर साच्याने आपल्याला काय सांगितलं? विज्ञानाचा तत्त्वज्ञ कार्ल पॉपर याने फ्रॉइड आणि अ‍ॅडलर यांच्याबद्दल हीच तक्रार केली होती: कोणतंही वागणं द्या, सिद्धांत ते ‘समजावून’ देतो, म्हणून तो तपासता येत नाही. सामूहिक नेणिवेलाही ती तितकीच लागू आहे. पहिल्या वर्षाच्या पुस्तकात युंगला पान-दीड पान मिळतं ते यामुळे.

पण आपण साचे का लावतो, हा प्रश्न मात्र पक्का तपासता येतो. १९४४ साली फ्रिट्झ हायडर आणि मेरिअन झिमेल यांनी एक छोटी चित्रफीत दाखवली. एक मोठा त्रिकोण, एक लहान त्रिकोण, एक लहान वर्तुळ आणि दार उघडझाप होणारा एक चौकोन. बस. आकार इकडेतिकडे सरकतात. काय दिसलं ते लिहा म्हटल्यावर पहिल्या गटातल्या ३४ जणांपैकी एकाच व्यक्तीने भूमितीच्या भाषेत लिहिलं. बाकीच्यांना दांडगा त्रिकोण दिसला, घाबरलेलं वर्तुळ दिसलं, भांडण दिसलं, सुटका दिसली. ना तोंड, ना डोळे, तरी खलनायक तयार. इतवारीतल्या कागदी बाईला मग का नाही दिसणार?

कच्चा_चिवडा

वाचतोय. त्रिकोणाच्या बाजूने.

मनाचा_नकाशा

फुटाळा मॅडम, युंगला इतक्या झटक्यात निकालात काढू नका. आपल्या परंपरेत तो पाहुण्यासारखा डोकावून गेलेला नाही. कलकत्त्याला भारतीय विज्ञान काँग्रेसचं रौप्यमहोत्सवी अधिवेशन होतं तेव्हा, १९३७-३८ च्या हिवाळ्यात, तो इथे आला होता. बनारस, अलाहाबाद आणि कलकत्ता विद्यापीठांनी त्याला मानद पदव्या दिल्या. मंडलांवर, म्हणजे ध्यानाच्या त्या वर्तुळाकार आकृत्यांवर, त्याने अनेक वर्षं काम केलं.

आणि साम्यं तर खोटी नाहीत! युंगच्याही आधी, १९०९ मध्ये, फ्रॉइडचा शिष्य ओटो रँक याने वीरांच्या जन्मकथा शेजारी शेजारी ठेवल्या. अक्कडचा राजा सारगॉन टोपलीत नदीत सोडलेला, मोझेस टोपलीत नदीत सोडलेला, आपला कर्ण पेटीत नदीत सोडलेला. तिघांना दुसऱ्याच कुणीतरी वाढवलं. एकमेकांना न भेटलेल्या लोकांनी हेच का रचलं?

फुटाळाकाठ

साम्यं खरी आहेत, मी ती नाकारत नाही. कारण वेगळं असू शकतं एवढंच म्हणते. ही सगळी नदीकाठची माणसं. नको असलेलं मूल ही सगळीकडची अडचण. राजघराण्यात न जन्मलेला माणूस राजा किंवा मोठा योद्धा झाला की ‘तो मुळात मोठ्या घरचाच’ असं सांगण्याची गरज सगळ्या दरबारांना. एवढं सारखं असेल तर गोष्टही सारखी होणार, त्यासाठी डोक्यात साचा घेऊन जन्मायला नको. शिवाय गोष्टी व्यापाऱ्यांबरोबर हिंडतात, पंचतंत्र कुठून कुठे गेलं ते ठाऊक आहे.

रशियातल्या व्लादिमिर प्रॉपचं काम मला जास्त आवडतं. त्याने १९२८ मध्ये शंभर रशियन परीकथा घेऊन त्यांचे घटक मोजले. ३१ निघाले. कुणीतरी घर सोडतं, बंदी घातली जाते, बंदी मोडली जाते, असे. नेणीव वगैरे काही नाही, नुसतं सुटं करून मांडलं. आणि तो दावाही तेवढाच करतो: या प्रकारच्या कथांपुरता.

कहाणीवाली

मुलींनो, मी मानसशास्त्र शिकले नाही, पण श्रावणातल्या कहाण्या पाठ आहेत. तुमच्या त्या ‘प्रवासा’त शुक्रवारची कहाणी बसवून दाखवा बरं.

भाऊ श्रीमंत, बहीण गरीब. भाऊ सहस्रभोजन घालतो, सख्ख्या बहिणीला बोलावत नाही. ती आपणहून लेकरांना घेऊन पानावर बसते. तो येऊन बोलतो, शेवटी हाताला धरून घालवून देतो. ती घरी येते, शुक्रवारचं व्रत धरते, देवी प्रसन्न होते, दिवस पालटतात. मग भाऊ आपणहून बोलावायला येतो. ती नटूनथटून जाते, अंगावरचे दागिने काढून पाटावर मांडते आणि ताटातला एकेक पदार्थ उचलून दागिन्यांवर ठेवते. भाऊ विचारतो, हे काय? ती म्हणते, ज्याला जेवायला बोलावलंस त्याला वाढते आहे. भाऊ खजील होतो.

इथे कुणी जग जिंकायला गेलं नाही, राक्षस मारला नाही. बाई माहेरी गेली, हाकलली गेली, पुन्हा माहेरी गेली. पराक्रम म्हणाल तर एक ताट आणि दोन वाक्यं. आमच्या आजीला सगळ्यांत जास्त हीच कहाणी आवडायची, आणि सांगताना दागिन्यांशी आली की ती थांबून समोरच्या सुनांकडे बघायची.

संत्र्याची_फोड

आजी, दंडवत! वर्गातल्या सरांना हीच कहाणी पाठवते. ते म्हणतील देवी म्हणजे गुरू आणि भावाचं घर म्हणजे संकटाची गुहा.

फुटाळाकाठ

म्हणतीलच. आणि बसवतीलही. जोसेफ कॅम्पबेलने १९४९ मध्ये ‘हिरोच्या प्रवासा’चा तो एकच सांगाडा मांडला तेव्हापासून लोक बसवतच आहेत. पण बसवताना काय गळतं ते बघा. आजींच्या कहाणीत खरी गंमत सहस्रभोजनाच्या पंगतीत आहे: एकच बाई, एकच भाऊ, बदलली ती परिस्थिती. बहिणीचा स्वभाव दोन्ही वेळी तोच होता. हे सामाजिक मानसशास्त्र आहे आणि ते ‘गुहा’ म्हटलं की दिसेनासं होतं.

अबे_भाऊ

मॅडम, मी काल मोबाइलवर ‘बारा आर्किटाइपपैकी तुम्ही कोण’ ते चाचणी देल्ली. ‘जादूगार’ निघालो. लिवलं होतं, “तुमच्यात न वापरलेली बरीच क्षमता आहे, वरून शिस्तीचे दिसता पण आतून चिंता करता.” एकदम बरोबर न बाप्पा! बायको म्हणे, शिस्तीचे कुठून दिसता ते दाखवा.

फुटाळाकाठ

भाऊ, तुमच्या चाचणीतलं ते वाक्य ७५ वर्षांपेक्षा जुनं आहे. १९४८ साली बर्ट्राम फोरर या प्राध्यापकाने वर्गातल्या ३९ विद्यार्थ्यांची व्यक्तिमत्त्व चाचणी घेतली आणि प्रत्येकाला ‘खास तुमचा’ म्हणून अहवाल दिला. अचूकतेला पाचपैकी गुण द्या म्हटलं. सरासरी आली ४.२६. मग त्याने उघड केलं, सगळ्यांना एकच कागद दिला होता आणि त्यातली बरीचशी वाक्यं दुकानात मिळणाऱ्या राशिभविष्याच्या पुस्तकातली होती. न वापरलेली क्षमता, वरून शिस्त आतून चिंता, ही त्याच कागदावरची.

त्या बारांची यादीही युंगने केलेली नाही. ती नंतरच्या काळात आली आणि जाहिरातवाल्यांनी ब्रँडसाठी उचलली. वहिनींचं निरीक्षण मात्र प्रत्यक्ष पुराव्यावर आधारलेलं दिसतं.

कामठी_रोड

चाचणीवरून आठवलं. सैन्यात अधिकारी व्हायला एसएसबी, म्हणजे निवड मंडळाची मुलाखत, देतात, त्यात गोष्ट लिहायचीच परीक्षा असते. नागपूर-कामठीकडची बरीच पोरं भोपाळच्या केंद्रावर जातात. पडद्यावर एक धूसर चित्र ३० सेकंद दिसतं, मग ४ मिनिटांत गोष्ट लिहायची. अशी अकरा चित्रं आणि बारावी पाटी कोरी, तिच्यावर मनातलं चित्र कल्पायचं. चाचणीचं मूळ अमेरिकेत, १९३५ मध्ये हेन्री मरे आणि क्रिस्टिआना मॉर्गन यांनी ती पुढे आणली. गृहीत असं की लिहिणारा गोष्टीतल्या नायकात स्वतःला ओततो.

गंमत पुढे आहे. शिकवणीवाले तयार नायक पाठ करून घेतात. वय पंचवीस, पेशाने अभियंता, गावात पूर आला, तरुणांना एकत्र केलं, बांध घातला, सगळे आनंदी. चित्रात बाई खिडकीपाशी उभी असली तरी पोरगा तिथे पूर आणतो! मी अशा पोरांना शिकवतो. मी त्यांना एकच सांगतो, चित्रातल्या माणसाला आत्ता, या क्षणी काय नडलंय ते लिहा. वीर करायचा की नाही ते मग बघू.

फुटाळाकाठ

कामठीचे सर, हे लाखात एक बोललात. या चाचणीचे गुण देण्यात परीक्षका-परीक्षकांत फरक पडतो, हा तिच्यावरचा जुना आक्षेप आहे. पण ‘काय नडलंय’ हा प्रश्न गोष्ट लिहिणाऱ्याने भिंतीवर चिकटवावा असा आहे.

निळा_पिंपळ

साच्याबद्दल बोलताच आहात तर नागपुरात बसून एक उदाहरण चुकवता येणार नाही.

सिद्धार्थाने घर का सोडलं? लहानपणी ऐकलेलं उत्तर: म्हातारा दिसला, आजारी दिसला, प्रेत दिसलं, संन्यासी दिसला. हिरोच्या प्रवासातली ‘साद’ यापेक्षा नीटस कुठे मिळणार? पण बाबासाहेबांनी ‘द बुद्ध अँड हिज धम्म’च्या प्रस्तावनेतच हा प्रसंग नाकारला आहे. त्यांचा मुद्दा अगदी व्यवहारी. सिद्धार्थ तेव्हा २९ वर्षांचा होता. २९ वर्षांच्या माणसाने म्हातारपण, आजार, मरण आधी कधीच पाहिलं नव्हतं, हे कसं मानायचं?

त्याऐवजी पुस्तकात काय येतं? रोहिणी नदीचं पाणी. शाक्य आणि कोलिय, दोघांच्या शेतीला तीच नदी, पाण्यावरून भांडण. शाक्यांचा संघ युद्ध ठरवतो, सिद्धार्थ विरोध करतो, बहुमत विरुद्ध जातं, कुटुंबावर बहिष्काराची वेळ येऊ नये म्हणून तो देश सोडायचं स्वीकारतो. पुस्तक १९५७ ला, त्यांच्या जाण्यानंतर आलं. दीक्षाभूमीवर दरवर्षी त्याच्या प्रती हातोहात जातात.

एका ठिकाणी चार दृश्यं दिसून आतून हललेला राजपुत्र आहे. दुसऱ्या ठिकाणी सभेत मत हरलेला नागरिक. मला दुसरा जास्त जवळचा वाटतो, कारण त्याच्यापुढे पर्याय होते आणि त्यातून त्याने एक निवडला. पहिल्याला तर गोष्टच ढकलत नेते.

मनाचा_नकाशा

पटलं, अर्धं. चार दृश्यांची गोष्ट दोन हजार वर्षं लोकांनी धरून ठेवली, तिला काहीतरी ताकद असणारच. ती सभेच्या ठरावाला येणार नाही.

निळा_पिंपळ

ताकद आहेच. म्हणून तर प्रस्तावनेत तिच्याशी वाद घालावा लागला.

फुटाळाकाठ

आता ताईंची बाकाबाई.

आधी माणूस बघू. ती दुसऱ्या रघुजीची राणी. १८१६ ला नवरा गेला. १८१७ ला इंग्रजांशी सीताबर्डीची लढाई झाली, त्यानंतर गादीवरचे आप्पासाहेब भोसले पदच्युत झाले, लहानग्या तिसऱ्या रघुजीला गादीवर बसवलं आणि बाकाबाई पालक झाली. तोही १८५३ च्या डिसेंबरात वारसाविना गेला, १८५४ ला डलहौसीने राज्य खालसा केलं. महालातली जनावरं विकली गेली, जडजवाहीर लिलावात निघालं, राण्यांनी विरोध केला, काही चाललं नाही. त्यानंतर तीन वर्षांनी, १८५७ च्या जूनमध्ये, नागपूरजवळच्या टाकळीला असलेल्या, इंग्रजांच्याच देशी घोडदळाचा उठावाचा बेत फसला. बाकाबाईने आपल्या माणसांना उठावापासून दूर ठेवलं आणि इंग्रजांच्या बाजूने वजन टाकलं. ती तेव्हा म्हातारी होती. याच इंग्रजांनी तिच्या डोळ्यांदेखत घर विकलं होतं.

आता आपल्या डोक्याचं बघू. १९६७ मध्ये जोन्स आणि हॅरिस यांनी लोकांना क्युबाच्या फिडेल कॅस्ट्रोच्या बाजूचे आणि विरोधातले निबंध वाचायला दिले. काहींना साफ सांगितलं होतं की लेखकाला बाजू नेमून दिली होती, त्याच्या हातात काही नव्हतं. तरीही वाचणारे म्हणालेच, कॅस्ट्रोच्या बाजूने लिहिणाऱ्याला आतून तसंच वाटत असणार. पुढे १९७७ मध्ये ली रॉसने या खोडीला गुणारोपणाची मूलभूत चूक म्हटलं. दुसऱ्याचं वागणं आपण त्याच्या स्वभावाला चिकटवतो, त्याच्या परिस्थितीला क्वचित. काळी मारबत या चुकीची सगळ्यांत उंच मूर्ती असेल. ‘फितूर’ एवढं म्हटलं की १८१७, १८५३, लिलाव, सगळं गळून पडतं.

ते गळतं कसं, यावर फ्रेडरिक बार्टलेटचं १९३२ चं काम आहे. केंब्रिजमधल्या लोकांना त्याने उत्तर अमेरिकेतल्या मूळ रहिवाशांची भुतांच्या लढाईची एक गोष्ट वाचायला दिली आणि दिवस, महिने जाऊ देऊन पुन्हा पुन्हा लिहायला लावली. गोष्ट दरवेळी आखूड होत गेली. होडगं साध्या बोटीत बदललं. भुतं हळूच निघून गेली. मरणाऱ्याच्या तोंडून काहीतरी काळं बाहेर पडतं, तिथे कुणी फेस लिहिला. जे आपल्या ओळखीचं नाही ते ओळखीचं होऊन बसतं. उठावानंतर चोवीस वर्षांनी काळी मारबत निघाली असं धरलं, तर तोवर गुंतागुंतीची राणी सोपी होऊन पूतनेशेजारी जाऊन बसली, यात नवल नाही.

म्हणून, ताई, तुमच्या प्रश्नाला माझं उत्तर: तिला छायाही करू नका, वीरही नाही. प्रेक्षक घरून साचा घेऊनच येणार आहेत, तो तुम्ही पुरवायची गरज नाही. तुम्ही त्यांना लिलाव दाखवा.

अबे_भाऊ

म्हणजे बाकाबाई निर्दोष का? मंग आम्ही दरसाल कायले बोंबलून राहिलो?

फुटाळाकाठ

निर्दोष म्हटलेलं नाही हो. परिस्थिती सांगितली म्हणजे माफी दिली, असं होत नाही. तिने बाजू घेतली, तिचे परिणाम झाले. तुम्ही खुशाल बोंबला. मीही जाते दरवर्षी, आणि खोकल्याच्या नावाने जोरात ओरडते.

वडसा_लोकल

मी झाडीपट्टीतला, म्हणजे पूर्व विदर्भातला. आमच्या वडशाले दिवाळीनंतर नाटकाचा हंगाम सुरू होते. शंकरपट म्हणजे बैलांची शर्यत, नाहीतर मंडई म्हणजे जत्रा असली का रातभर नाटक. आमच्या रंगभूमीच्या परशुराम खुणेंना २०२३ ला पद्मश्री भेटली तवा शहरातल्या लोकायले आम्ही दिसलो.

मॅडम म्हणते ते कागदावर बरोबर आहे, पण थंडीत घोंगडी घेऊन बसलेल्या पब्लिकले पहिल्या दहा मिनिटांत समजलं पायजे कोण कोणाच्या वाईटावर आहे. आमच्याकडे खलनायक एंट्रीलेच ओळखू येते. विनोदी पात्र त्याची टर उडवते, तो तुमचा खोड्याळ म्हणा. हे साचे आमचे खाण्याचे दात होय, ते काढता येत नाही. पण चांगला लिहिणारा काय करते? साच्यात घालून माणूस आणते आन् तिसऱ्या अंकात त्याच्याकडून साच्याबाहेरचं एक काम करवून घेते. सावकार व्याज सोडत नाही, पण सुनेच्या बाळंतपणात रातभर दाराबाहेर उभा राहते. तिथं बायका रडते.

म्हणून ताई, बाकाबाईले पहिल्यांदा काळीच आणा. मारबतीच्या मिरवणुकीतून आणा. पब्लिक बोंबलू द्या. मंग मांगं जा.

संत्र्याची_फोड

वडसा भाऊ, हे घेतलं! सुरुवात मिरवणूक. पुतळीच्या आतून म्हातारी बाहेर येते आणि ओरडणाऱ्या पोराला विचारते, “तू कोणाच्या घरचा?” तिथून लिलाव. मॅडमचा १८५३ आणि १८५४ मधोमध. कामठीच्या सरांचा प्रश्न पानावर सगळ्यांत वर लिहून ठेवला आहे, हिला आत्ता काय नडलंय. शेवट मात्र अजून सुचलेला नाही. इंग्रज अधिकारी आणि ती समोरासमोर, आपल्या माणसांना ‘उठावापासून दूर राहा’ असा निरोप पाठवायचा की नाही यावर. तिला एक मोठं स्वगत देऊ का?

कहाणीवाली

स्वगत नको. तिला काहीतरी करायला द्या हाताने. शुक्रवारच्या बहिणीने भाषण केलं असतं तर भाऊ जेवून उठला असता.

मनाचा_नकाशा

माझं मत नोंदवून ठेवा: पुतळीतून म्हातारी बाहेर येणार, हा पक्का आदिबंध आहे. तुम्ही युंगला दारातून घालवलं, तो खिडकीतून आलाच.

फुटाळाकाठ

येऊ दे. रंगमंचावर त्याला बंदी नाही, फक्त परीक्षेत उत्तर लिहिताना ‘सिद्ध झाले आहे’ असं लिहू नका. लेकीलाही सांगा, ताई. हायडर-झिमेल आणि फोरर दोन्ही करून ठेव म्हणावं.

वडसा_लोकल

आजी बरोबर बोलली. स्वगताच्या वेळी आमच्याकडे अर्धं पब्लिक चहाले उठते. निरोपावर शिक्का मारायचा आहे न? लाख वितळून राहिली, हातात शिक्का आहे, साहेब पाहून राहिला. तेवढा वेळ ऑर्गनवाल्याले गप बसवा आन् तिले घाई करू देऊ नका. आन् ताई, म्हातारीचं काम म्हाताऱ्या बाईलेच द्या. पोरीले पांढरी विग लावून आणली तर मागच्या रांगेतून शिट्ट्या पडते, मंग तुमचा युंग काय न् फ्रॉइड काय.